आईला वाचून दाखवणारी दुसरी

माझ्या आईला माझ्याशिवाय आणखी कुणी 'आई' म्हणतंय, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सिंगापुरातल्या, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटच्या दारात बूट काढत होते. एक बूट पायात, एक हातात. आतून आवाज आला, "आई, चहात आलं जास्त झालं का हो?" आणि जी बाई आयुष्यात माझ्या चहाला धड बरं म्हणाली नाही, ती म्हणाली, "छे गं, झकास झालाय."

खोटं कशाला बोलू, हातातला बूट फेकून मारावासा वाटला.

तेव्हा आमच्याकडे मेट्रोच्या डाउनटाउन लाइनचं खोदकाम चालू होतं आणि स्टेशनपासून घरापर्यंत पत्र्याच्या कुंपणाला वळसे घालत यावं लागायचं. मी बँकेत ऑडिटमध्ये होते, नवरा आयटीत, लेक प्रायमरी टूमध्ये, म्हणजे दुसरीत. बाबा आदल्या वर्षी गेले. मी एकुलती एक. आई कोथरूडला एकटी. शिवाय तिच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सुरू झालेलं. ते असं विचित्र की नजरेच्या मधलं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. समोर उभ्या माणसाचा चेहरा म्हणजे नुसता धुरकट गोळा, पण त्याच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र लख्ख. त्यामुळे आई हल्ली कुणाकडे बघायचं झालं की मान वाकडी करून बघायची. नव्या माणसाला वाटे, ही आपल्यावर रुसलीय.

वाचन गेलं, याचं तिला सगळ्यांत वाईट वाटत होतं. आईला रहस्यकथांचं व्यसन होतं, दुसरा शब्द नाही. माझ्या लहानपणी लायब्ररीतून नवं पुस्तक आलं की त्या दिवशी आमटी करपलीच म्हणून समजा. खुनी सापडेपर्यंत आम्ही बापलेक दहीभात खायचो.

मी तिला इकडे आणली ती तीन महिन्यांसाठी, पण मनात वेगळंच होतं. ती कायमची राहावी. लाँग टर्म पासची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, सगळी चौकशी मी करून ठेवली होती, तिची खोली रंगवून घेतली होती, खिडकीत तुळससुद्धा आणून ठेवली होती. ती आली त्याच आठवड्यात विचारलं, "राहशील ना गं इथेच?" ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण मी हट्टी आहे.

तिला लळा लागावा म्हणून मी टॅम्पिनीसच्या लायब्ररीतून एक पुस्तक आणलं. इंग्रजी. मराठी तिथे कुठून मिळणार? जुनं, जाडजूड, मुखपृष्ठावर गवताच्या छपराचं घर आणि मागे चर्चचा टोकदार कळस. इंग्लंडमधलं एवढंसं खेडं. तिथली एक श्रीमंत म्हातारी विधवा आपल्या बागेत गावातल्या बायकांना चहाला बोलावते आणि केकचा तुकडा खाऊन सगळ्यांदेखत मरून पडते. झालं. मग चर्चचा पाद्री, डॉक्टर, पोस्ट सांभाळणारी बाई, म्हातारीचा उडाणटप्पू पुतण्या, सगळ्यांवर संशय.

मी ते समोर धरून तोंडानं मराठीत सांगायची. डोळ्यांनी इंग्रजी, जिभेनं मराठी. सोपं नाही हो ते. आणि माझा स्वभाव ऑडिटवाल्याचा, काही गाळायचं म्हणजे पाप. पाद्री म्हणजे पुजारी, पण तसा पुजारी नव्हे, त्याचं लग्न झालेलं असतं, त्याला सरकारचा पगार नसतो, असं सगळं समजावत मी पुढे जायची. आई मांडीवर हात ठेवून ऐकत बसायची. मध्येच म्हणायची, "बरं, पुढे?" त्या 'पुढे'वर माझा जीव होता. आई आयुष्यभर शिक्षिका. घरी आली की वह्या, नाहीतर स्वयंपाक, नाहीतर तिची पुस्तकं. माझ्याशेजारी काम नसताना ती कधी बसलीच नव्हती. आता रोज जेवणं झाली की तासभर बसायची. माझी एकटीची.

पहिलं प्रकरण संपलं तेव्हा मी पुन्हा विचारलं, "आई, राहतेस ना?"

ती हसली. "हे पुस्तक संपू दे. संपलं की सांगते."

म्हटलं, ठीक. पुस्तक संपवायला कितीसा वेळ लागतो?

आणि तेवढ्यात बँकेत तिमाहीचं क्लोजिंग आलं. मला घरी यायला उशीर होऊ लागला. आईला दिवसभर करमेना. तेव्हा आमच्याच ब्लॉकमध्ये, सहाव्या मजल्यावर, एक ठाण्याची मुलगी राहायची. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान, नवऱ्याच्या पासवर आलेली, नोकरीची परवानगी नाही, मूलबाळ नाही. गणपतीत ओळख झालेली. लिफ्टमध्ये भेटली, आईची चौकशी केली आणि म्हणाली, "ताई, मी दुपारची मोकळीच असते. मी वाचून दाखवू का त्यांना?" मी किती कौतुकानं 'हो' म्हटलं! मला वाटलं, ही वर्तमानपत्र वाचेल, फार तर व्रताची कहाणी वाचेल.

तिनं माझं पुस्तक उघडलं.

मी खुणेला सुपरमार्केटची पावती ठेवली होती. त्या रात्री बघते तर पावती टेबलावर, आणि पुस्तकात, चांगली दोन प्रकरणं पुढे, केसातली काळी पिन. माझ्या पुस्तकात दुसरीच्या केसातली पिन! मी आईला म्हटलं, "अगं, थांबायचंस ना माझ्यासाठी." आई म्हणाली, "किती छान वाचते गं ती! आवाज काढते. तो पाद्री तर असा बोलतो, अगदी कीर्तनकारच."

"पाद्री कीर्तनकारासारखा कसा बोलेल?"

"का? बोलेल की."

मग रोज घरी आले की माझी नजर फिरायची. ओट्यावर धुऊन पालथे घातलेले दोन कप. खिडकीजवळची खुर्ची आईच्या पलंगाला चिकटवलेली. तुळशीला पाणी घातलेलं, जे मी घालते. चहाच्या पातेल्याला आल्याचा वास. त्या खेड्यातली डिटेक्टिव्ह बाई म्हातारीच्या बागेत पावलांचे ठसे शोधत होती, आणि मी माझ्याच घरात ते करत होते. नवरा म्हणाला, "अगं, बरंच आहे ना? तुझ्या आईची दुपार छान जाते." पुरुषांना असल्या गोष्टीतलं काही कळत नाही.

ती 'आई' म्हणते हे मला कळलं त्याच आठवड्यात. मी लिफ्टपाशी गाठून, अगदी हसत हसत, म्हटलं, "अगं, काकू म्हण की. आमच्याकडे सगळे काकूच म्हणतात त्यांना." ती म्हणाली, "हो ताई, पण तोंडात आईच येतं बघा." तिची स्वतःची आई ती कॉलेजात असतानाच गेलेली. वाईट झालं, अगदी वाईट. पण म्हणून माझी? मला ताई, हिला आई. सगळं घरच उचललंन की.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक पर्समध्ये घालून ऑफिसला घेऊन गेले. आईला सांगितलं, मुदत संपत आली, लायब्ररीतून वाढवून आणते. दिवसभर ते टेबलाच्या खणात होतं आणि मला त्या दिवशी क्लोजिंगचं काम काय हलकं वाटलं म्हणून सांगू! घरी आले. आई खुशीत. म्हटलं, "काय केलंस दुपारी?" म्हणाली, "काही नाही, गप्पा." रात्री वाचायला बसले. पाद्रीची बायको घाबरून गेटवर अडखळते आणि शेजाऱ्याच्या कोंबड्यांत पडते, असा एक प्रसंग होता. माझं वाक्य अर्धं व्हायच्या आतच आई हसली.

मी थांबले. "का हसलीस?"

"नाही, सहज."

तेवढ्यात लेक गृहपाठातून मान वर न करता तिच्या इथल्या शाळेच्या इंग्रजीत म्हणाली, "मम्मा, आजी ऑलरेडी हर्ड धिस वन, लाह."

तर झालं होतं असं, की पुस्तक दिसलं नाही म्हणून ही बया त्याच दुपारी शेजारच्या बेडोकच्या लायब्ररीत गेली आणि त्याच पुस्तकाची दुसरी प्रत घेऊन आली. मुखपृष्ठ वेगळं, गाव तेच, खून तोच. आता आमच्या घरात एकच खून दोनदा होत होता. दुपारी सहाव्या मजल्याचा, रात्री माझा. आणि आई माझा ऐकायची तो शिळा. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. आणि मी काही बोलू शकत नव्हते, कारण माझी प्रत मीच पळवलेली.

त्यातून आणखी एक. आई अलीकडे म्हणायची, "कालचंच जरा परत वाच गं, माझा डोळा लागला होता." दर दोन-तीन दिवसांनी हेच. मी परत वाचायची. मनातून खचायची. त्या सहाव्या मजल्यावरचीला मी एकदा विचारलं, "तू वाचतेस तेव्हा पेंगते का गं ती?" "छे हो," ती म्हणाली, "आई तर टक्क जाग्या असतात." म्हणजे पेंग यायची ती फक्त माझ्या वाचण्यानं. घ्या!

महिने सरत आले. पुस्तक काही संपेना. आईचं परतीचं तिकीट तसंच पडून होतं. मी रोज त्याची तारीख पुढे ढकलायचं मनात आणायची, पण तिचं 'हो' आल्याशिवाय ढकलणार कशी?

अशा एका रविवारी आईनं टुमणं लावलं की ईस्ट कोस्टला समुद्रावर जाऊ आणि तिलाही बोलवू. बोलावलं. नवरा आणि लेक सायकली घेऊन पुढे पळाले. आम्ही तिघी बाकावर. लांबवर जहाजं ओळीनं उभी होती, ती आईला बाजूनं नीट दिसत होती. वारा छान होता. ती मुलगी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन आलेली. आईला तिनं पुरी तोडून दिली. माझ्या आईला, माझ्यादेखत, घास तोडून. आणि सहज बोलून गेली, "आई गेल्यावर दुपार खायला उठणार बघा मला."

"गेल्यावर म्हणजे?" मी म्हटलं.

तिनं जीभ चावली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुम्हाला... मी रस घेऊन येते हं सगळ्यांना," असं म्हणून ती उठली आणि हॉकर सेंटरच्या, तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या दिशेनं चक्क पळाली.

मी आईकडे बघत राहिले. आई समुद्राकडे. माझ्या डोक्यात संताप चढला. आणि सुचलं ते काय, तर हे. मी म्हटलं, "पोस्टातल्या बाईनं मारलं तिला. म्हातारीला. पोस्टवालीच खुनी आहे. मी शेवटचं पान आधीच वाचलंय."

रहस्यकथेच्या वेड्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. मला वाटलं, आई कानावर हात ठेवील, रागावेल. ती शांतपणे म्हणाली, "पोस्टवाली? नाही गं. डॉक्टर."

"पोस्टवाली! मी वाचलंय."

"मीही वाचलंय. तुझ्या जन्माच्या आधी." आईनं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. "मराठीत होतं. आपल्याकडे तेव्हा सगळी इंग्रजी पुस्तकं अशीच करायचे, रूपांतर. त्यात गाव वाईच्या पलीकडे घाटात होतं. बागेतला चहा म्हणजे चैत्रातलं हळदीकुंकू होतं, आणि केकच्या जागी पन्हं. पाद्री म्हणजे देवळातले गुरुजी. तू पहिलं पान वाचलंस ना, तेव्हाच मी ओळखलं. पण आत्ता पोस्टवाली कळल्यावर बरं वाटलं. त्या काळी आपल्या खेड्यात पोस्टात बाई कुठून आणायची? म्हणून त्या लेखकानं बिचाऱ्या डॉक्टरवर ढकललं वाटतं."

मी थक्क झाले. "मग ऐकत कशाला बसलीस? दोन-दोनदा? परत वाच, परत वाच करत?"

"पुस्तक संपायला नको होतं मला."

"का?"

"संपलं की तू विचारणार," आई म्हणाली. "तिलाही तेच ते वाचायला लावते मी. माझा डोळा कसला लागतोय? मला तिकडेच राहायचंय गं. माझं घर आहे, माझी माणसं आहेत, खाली भाजीवाला हाक मारतो मला. इथे मला सगळं आहे, पण मी दिवसभर तुझी वाट बघत बसते. तू वेडी खोली रंगवून बसलीस. कसं सांगू तुला?"

मला रडू फुटलं. रडताना माणूस शहाण्यासारखं बोलत नाही. मला एकच दिसत होतं. "पण तिला सांगितलंस! मला नाही, आणि तिला सांगितलंस!"

त्याच वेळी ती आली. हातात ट्रे, त्यावर उसाच्या रसाचे तीन ग्लास. आमच्या बाकासमोर, दोन हातांवर, अगदी आईच्या नजरेच्या मधोमध येऊन थांबली. आईला ती दिसणं शक्य नव्हतं. मला दिसत होती.

"अगं, तिला सांगायला काय लागतं?" आई म्हणाली. "ती माझी कोण?"

मी आईच्या हाताला नुसता स्पर्श केला असता, नुसतं "आलीस का गं" म्हटलं असतं, तरी आई सावरली असती. मी काही केलं नाही. आई बोलत होती आणि मी बोलू दिलं. "वाटेवरच्या माणसाला सांगता येतं गं. तुझ्यासमोर तोंड उघडलं की ती रंगवलेली खोली आठवते. तू माझी आहेस. ती येते, वाचते, जाते." त्या वाक्यांची मी इतके दिवस भुकेली होते की मी ती बसून खाल्ली, अगदी पोटभर. समोर ट्रेवर ग्लास एकमेकांवर वाजायला लागले तेव्हा आई दचकून म्हणाली, "कोण आहे?"

"मी," ती म्हणाली. "रस आणलाय. बर्फ कमी घालायला सांगितलाय तुमच्यात."

आईनं ग्लास घेतला आणि म्हणाली, "गुणाची गं बाई." तिला वाटलं, ही आत्ताच आली.

आईचे शेवटचे चार दिवस मी रजा घेतली. सोमवारी नेहमीच्या वेळेला बेल वाजली. मला वाटलं होतं, येणार नाही. आली. हातात बेडोकची प्रत, केसाला पिन. मला म्हणाली, "ताई, आज तुम्ही घरी का?" आत जाऊन खिडकीजवळची खुर्ची ओढून घेतली. पलंगाला चिकटवली नाही. आणि म्हणाली, "काकू, वाचू ना?"

आई जपमाळ ओढत होती. हात थांबला. तिनं मान या बाजूला वळवली, त्या बाजूला वळवली, दोन्ही कडांनी तिला बघायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, "हो, वाच की."

तिनं वाचलं. छान वाचलं. पण पाद्री साध्या आवाजात बोलला, डॉक्टर साध्या आवाजात बोलला. पुस्तक तिनं त्या आठवड्यात संपवलं. पोस्टातल्या बाईला पोलिसांनी नेलं, आणि आई म्हणाली, "आमचा डॉक्टरच बरा होता." कुणी हसलं नाही. चांगी विमानतळावर निरोप द्यायला ती आली नाही, नवऱ्याला बरं नाही म्हणाली. डब्यात पुऱ्या मात्र पाठवल्या.

मला वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण आधी बरं वाटलं. मी सांगून जे झालं नव्हतं ते आईच्या एका वाक्यानं झालं.

पुण्याला गेल्यावर आई दर रविवारी फोनवर तिची चौकशी करायची. ती तिला सणावारी फोन करते, तब्येत विचारते, काकू काकू म्हणते, हेही आईच सांगायची. एकदा मध्येच म्हणाली, "मी तिला काही लागेलसं बोलले का गं कधी?"

"छे," मी म्हटलं.

"मग काकू का म्हणायला लागली?"

"काकूच आहेस तू तिची. दुसरं काय म्हणणार?"

फोनमध्ये तिच्या मागे भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती.

"हो, ते बरोबर आहे म्हणा," आई म्हणाली. "तू म्हणतेस ना आई. पुरे आहे."

पुरे आहे म्हणाली. पण पुरल्यासारखी म्हणाली नाही, आणि ते मला अजून सहन होत नाही.